रहाटाला तेल

पाऊस परतला, केळीच्या आळ्यांमधली ओल सुकायला लागली, की आमच्या नंदाखालात वाड्यांना पाणी द्यायचे दिवस सुरू होतात. आता त्याचं काही राहिलेलं नाही म्हणा. भाचा सकाळी उठतो, चहाचं आधण ठेवतो आणि जाता जाता भिंतीवरचं बटण दाबतो. तिकडे मोटार घुर्र करते, पाइप एकदा खोकतो आणि चहाला उकळी फुटेपर्यंत निम्मी वाडी भिजलेली असते. सोय झाली, मी तिला नावं ठेवत नाही. पण दर वर्षी त्या पहिल्या सकाळी मी हातातलं काम सोडून उगाचच कान देते. मोटारीच्या मागे कुठेतरी अजून एक आवाज असेल, असं मला वाटत राहतं. भाचा म्हणतो, "आत्या, काय ऐकतेस गं?" मी म्हणते, "काही नाही रे, तुझा चहा उतू चाललाय."

आमच्याकडे रहाट होता. वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवणारं आमचं छोटं तळं, आणि त्याच्या काठावर तो लाकडी रहाट. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल गोल गोल फिरायचा, चाकावरच्या माळेतले डबे एकामागून एक पाण्यात बुडायचे, भरून वर यायचे आणि पन्हळीत ओतून पुन्हा खाली जायचे. पौषातल्या सकाळी बावखलावर धुकं असायचं. धुक्यात बैल अर्धाच दिसायचा आणि त्याच्या मागून चालणारे बाबा तर दिसायचेच नाहीत. दिसायचा तो फक्त आवाज. दिसायचा असंच म्हणते मी. 'कुंईऽऽ कर्रर्र, कुंईऽऽ कर्रर्र' असा तो आवाज केळीच्या पानांमधून, पानवेलींच्या मांडवाखालून सरपटत घरापर्यंत यायचा आणि चुलीपाशी येऊन बसायचा.

गावातल्या प्रत्येक रहाटाचा गळा वेगळा होता. शेजारच्या कुस्तानमावशीचा रहाट खोकायचा. त्यांच्या पलीकडचा दात खायचा. आमचा रडायचा, पण लाडात आलेलं मूल रडतं तसा, कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून. शाळेतून येताना लांबूनच मला कळायचं की आपल्या वाडीला अजून पाणी चाललंय. रहाटाच्या बाकी सगळ्या भागांना तेल मिळायचं, पण मोठ्या चाकाचा कणा ज्या खाचेत फिरायचा तिथे तेलाचा थेंब घालायचा नाही, असा आमच्या आजोबांचा नेम होता. कारण सोपं होतं. पुरुष वाडीत आणि बायका घरात, मधे एवढी झाडी. चूल न सोडता बायकांना सगळं कळायचं ते त्या कण्यामुळे. करकर मंदावली म्हणजे बैल आळसावला. थांबली म्हणजे बाबांनी बिडी पेटवली, आता तवा चढवायला हरकत नाही. आईच्या भाकऱ्या घड्याळावर नव्हत्या, रहाटावर होत्या.

रहाटाच्या शेवटच्या मोसमाच्या आधीच्या वर्षी मात्र करकर थांबली आणि बराच वेळ सुरूच झाली नाही. आईने तवा चढवला, उतरवला आणि पिठाच्या हातानेच वाडीत धावली. बाबा रहाटापाशी भोवळ येऊन पडले होते. बैल शहाण्यासारखा जागच्या जागी उभा. आई वेळेवर पोचली म्हणून ते वाचले, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बैलामागे फिरायचं आता बंद, तेही सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि बरं वाटल्यावर पुन्हा बैल जुंपला. तेव्हापासून आईचे कान कायमचे वाडीकडे लागलेले. रोझरीची प्रार्थना म्हणतानासुद्धा ती मधेच थांबून ऐकायची आणि मग पुढचा मणी ओढायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. माझा धाकटा भाऊ पास्कू आखातात नोकरीला होता. दिवसा विजेची कामं करायचा आणि संध्याकाळी एका हॉटेलातल्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. नाताळाला तो घरी आला तो ईस्टरपर्यंतची रजा घेऊन. आल्या आल्या त्याने आणि आईने मिळून ठरवून टाकलं की ईस्टर झाला की रहाट उतरवायचा आणि विजेचा पंप बसवायचा. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बैल तरी ठेवा." म्हणजे कबूल झाले.

मग एकदा कैरीच्या लोणच्याची बरणी उघडताना आई मला म्हणाली, "पंप आला का बरंच होईल. पण मग मला कलंल कसं गो?" आमची घरची बोली अशी, इथे जरा सोपी करून लिहितेय, नाहीतर नंदाखालाबाहेर कुणाला समजायची नाही. काय कळेल, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पास्कूने आखातातून साबण, अत्तर, घोंगड्या आणल्या होत्याच, पण एका मोठ्या खोक्यात कपड्यांमध्ये गुंडाळून त्याने एक यंत्र आणलं होतं. दिसायला कीबोर्डच, काळा, लांबलचक, कडेला छोटा निळसर पडदा आणि चपट्या चौकोनी तबकड्या घालायला एक फट. आम्हाला वाटलं, पेटीच आहे, विजेवरची. पास्कू म्हणाला, "पेटीत पेटीचाच आवाज असतो. याच्यात तुमी द्याल तो." त्याने माईक लावला, आईच्या खवणीपुढे धरला आणि नारळ खवला जात असताना काही क्षण टिपून घेतले. मग पट्टी दाबली. खर्रर्र. पुढची दाबली, जरा बारीक खर्रर्र. मग त्याने खवणीवर 'सायलेंट नाइट' सारखं काहीतरी वाजवलं आणि आईने हातातली कवड बाजूला ठेवून क्रुसाची खूण केली.

मग काय, तो मोसम सगळा आवाज वेचण्यात गेला. अंगणात सुकेळी वाळत घातलेली असायची. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात ठेवायची, रोज उलटायची, तांबूस झाली की सुक्या पानात बांधायची. सगळं घर त्या मधट वासाने आळसावलेलं. त्या वासात पास्कू माईक घेऊन हिंडायचा. सुक्या पानाची सळसळ त्याने टिपली. दोरी वळतानाची कुरकुर टिपली. कोंबडी टिपली आणि अगदी खालची पट्टी दाबून दाखवली, तर ती म्हशीसारखी हंबरली. बाबा म्हणाले, "कापायची सोडून तिची पेटी केलीस होय?" कुस्तानमावशी रोज काहीतरी निमित्त काढून यायची. तिने "पास्कू, बरा हास ना?" एवढंच माईकमध्ये म्हटलं. खालच्या पट्ट्यांवर ती म्हाताऱ्या धर्मगुरूसारखी वाजली आणि वरच्या पट्ट्यांवर फ्रॉकमधली मुलगी झाली. मावशी ते वरचं पुन्हा पुन्हा वाजवायला लावायची. "अशीच होती रे मी," म्हणायची. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, त्या यंत्राने आम्हाला वय पुढे-मागे करून दाखवलं, तेही दुपारच्या जेवणाआधी, अंगणात, माश्या हाकलता हाकलता.

पण पास्कूला खरा हवा होता तो रहाट. तो ईस्टरनंतर नसणार होता. "आई, तुझा रहाट मी ह्याच्यात घालून देतो," त्याने तिला कबूल केलं. "पंप आल्यावर पण वाजवू रोज." आई म्हणाली, "यंत्रातला रहाट पाणी थोडंच ओढील?" पण तिला ते हवं होतं. दोन-तीनदा तिने आपण होऊन विचारलं, रहाटाचं कधी करतोस म्हणून. तबकडीत जागा थोडी आणि आवाज मोजके सेकंदच मावायचा, म्हणून पास्कू चांगला दिवस शोधत होता. वारा नको, कावळे नकोत, शेजारच्या वाडीत कुणी नारळ पाडत असायला नको. असा दिवस ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाल्यावर मिळाला.

घरापासून वाडीपर्यंत तारेला तार जोडून वीज नेली. सांध्यांना दवाची बाधा होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. चिकूच्या झाडाखाली बाकडं, बाकड्यावर चादर, चादरीवर यंत्र आणि वर बाबांची छत्री. पास्कूने कानाला हेडफोन लावले. त्याने मला समजावलं की यंत्र आता कान टवकारून बसलंय. पुरेसा मोठा आवाज आला की ते आपोआप टिपायला लागेल, बटण दाबायला नको. निळसर पडद्यावर 'वेटिंग' अशी अक्षरं लुकलुकत होती. पास्कूने हात वर केला. बाबांनी बैलाला चुचकारलं.

बैल निघाला. चाक फिरलं. डबे बुडाले, वर आले, पन्हळीत पाणी पडलं. आणि दुसरं काहीच झालं नाही.

मला आधी वाटलं, माझे कान बसले. बैलाच्या खुरांचा मऊ आवाज येत होता, पाण्याची झुळझुळ येत होती, एक खंड्या कुठेतरी बोलून गेला. पण रहाट गप्प. धुकं ओसरत होतं, चाक स्वप्नातल्यासारखं वळत होतं आणि यंत्र तसंच वाट पाहत होतं. मग मी बाबांकडे पाहिलं. बैलाची शिंगं चकचकत होती. रहाटाचं लाकूड पुसलेलं. आणि बाबांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नात असतं तसं हसू.

त्यांनी पहाटे उठून कण्याला तेल घातलं होतं. साधं नव्हे, घरच्या घाण्याचं खोबरेल, निम्मी बाटली. नवरदेवाला घालतात तसं चोळून चोळून. रहाटाचा आवाज दर्यापलीकडे जाणार, परदेशी लोक ऐकणार, तिथे तो असा रडका जाऊन कसं चालेल? आमच्याकडे फोटो काढायचा तर आधी पोराला तेल-पावडर लागते, पाहुणा यायचा तर भिंतीला चुना लागतो. बाबांनी तेच केलं. जन्मभर त्या आवाजामागून चालले, पण तो आवाज म्हणजेच रहाट, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पास्कूच्या तोंडाकडे बघून मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात केळीची पानं सळसळली.

आम्ही तिघं आवाजाच्या गडबडीत होतो आणि घरात आई चुलीपुढे बसली होती. बैल जुंपायची वेळ झालेली तिला माहीत होती. तिने वाट पाहिली. करकर नाही. अजून थोडी पाहिली. मग तिला मागचं वर्ष आठवलं. लुगड्याचा काष्टा सावरत, अनवाणी, ती पानवेलींच्या मधून धावत आली आणि अजून बाबा दिसायच्या आत, केळींच्या आडून, जिवाच्या आकांताने तिने हाक मारली.

"इनाऽस!"

बाबांचं नाव इनास. पण हे नाव आईच्या तोंडून आम्ही कधी, कधीच ऐकलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. 'अवो', 'ऐकलं का', 'पास्कूचे बाबा', एवढ्यावर तिचा संसार झाला. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला पुढे ढकलायची. घरी लितानी, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, म्हणताना संत इनास आले की तिला नेमका खोकला यायचा आणि आम्ही पोरं ते नाव मोठ्याने म्हणून प्रार्थना पुढे ढकलायचो. ती त्या सकाळी नाव घेऊन ओरडली, आणि तेही असं की बावखलातल्या पाणकोंबड्या उडाल्या.

बाबा बैलाची दोरी धरून उभेच्या उभे राहिले. तोंड उघडं, आवाज नाही. त्यांनी साधं 'काय गो' सुद्धा म्हटलं नाही.

आई आली, तिने त्यांना धडधाकट उभं पाहिलं, मग चाकाकडे पाहिलं, तेलाचा वास घेतला. "तेल कोणी घातलं?" पास्कूने हेडफोन काढले. "अवो, तेल कोणी घातलं ते विचारते मी!" बाबा हळूच म्हणाले, "बरं दिसावं म्हणून." आई दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिच्या त्या ऐकण्यात किती भीती होती, आणि किती माया. ती उठता-बसता वाडीकडे कान द्यायची ते काय ऐकायला, हेही कळलं. ती रहाट ऐकत नव्हती.

तिला हसवावं म्हणून असेल, किंवा नुसतं चाळवाचाळव करताना असेल, पास्कूचं बोट पट्टीवर पडलं. छत्रीखालून, स्पीकरमधून, आईचा आवाज आला. "इनाऽस!"

यंत्र वाट पाहत होतं ना. रहाटाने काही दिलं नाही. पहिला मोठा आवाज आला तो हा, आणि त्याने इमानाने टिपून घेतला.

आई दचकली, लाल झाली, पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "पूस ते. आधी पूस ते, पास्कू. लोकांना ऐकवशील तर या घराची पायरी चढू नको."  बाबा बैलाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "एकदा ती वरची पट्टी दाब रे." पास्कूने दाबली. कोवळ्या, बारीक आवाजात कुणी मुलीने त्यांना हाक मारली. बाबा खाली बघून हसले. "चर्चच्या गाण्यात अशीच गायची ही. लग्नाच्या आधी." आई उठून तरातरा घरी निघून गेली. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या आणि सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

त्यानंतरच्या आठवड्यांत पास्कूने कण्यावर राख चोळली, माती टाकली, कढत पाणी ओतलं. पण लाकडाने तेल पिऊन घेतलं होतं. एखाद्या दुपारी ऊन तापलं की चाक अर्धवट कण्हायचं, पास्कू माईक घेऊन धावायचा आणि ते पुन्हा गप्प व्हायचं. आई म्हणायची, "असू दे रे. नाय तर नाय." तिने चुलीपाशी भाजी निवडायचं सोडलं. ती सूप घेऊन वाडीतच येऊन बसू लागली, बाबा दिसतील अशा जागी. ईस्टर झाला, रहाट उतरला, पंप बसला. पास्कूने आईसमोर सांगितलं, "पुसलं गो ते." तिने मान डोलावली. जायच्या दिवशी बाबांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, आणि पास्कू नुसता हसला.

ते यंत्र ईस्टरनंतर पास्कूबरोबर परत गेलं. रहाटाचा आवाज आमच्याकडे कशातच राहिला नाही. मी तोंडाने काढून बघते कधीकधी, तर कुस्तानमावशीचा खोकणारा रहाट होतो. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, आता असले आवाज मोबाइलवर मिळतात. मिळत असतील. आमचा नाही मिळणार.

आई गेली ती पाणी द्यायच्याच दिवसांत, काही वर्षांनी. तोवर पास्कू कायमचा परत आला होता, यंत्र पण जुनं होऊन परत आलं होतं, पट्ट्या पिवळट पडलेल्या. बाबा तेव्हा फार बोलत नसत. पाणी देऊन झालं, मोटार बंद केली, तरी वाडीतच असायचे. सुकलेली पानं काढ, केळीला टेकू लाव, काही ना काही. जेवायला बोलवायला जावं लागे. तसं आई असतानाही जावं लागे, पण तेव्हा ती जायची.

एका दुपारी मी अंगणात सुकेळी उलटत होते. पास्कू आतल्या खोलीत यंत्राशी खटपट करत होता. तबकडी फटीत गेली, यंत्राने जुन्या माणसासारखं कण्हत ती वाचली. खिडकी उघडी होती. मला काही सांगितलं नाही त्याने, आणि मला नाही वाटत त्याने तरी फार विचार केला असेल. वरची पट्टी नाही, खालची नाही, त्याने मधली दाबली.

"इनाऽस!"

माझ्या हातातलं केळ तट्ट्यावर पडलं. आणि केळींच्या आतून, जरासुद्धा न थांबता, बाबांचा आवाज आला.

"आलो गोऽ!"

 पास्कू खिडकीत येऊन उभा राहिला, मी अंगणात. पानं सरकली. बाबा हातात कोयता घेऊन हळूहळू आले. चेहऱ्यावर ना दचकणं, ना रडणं. पायरीपाशी थांबले, खिडकीतून त्या काळ्या यंत्राकडे एकदा पाहिलं.

"त्या दिवशी ओ द्यायची राहिली होती," म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.